विश्लेषण : कटिंगचे किती, ब्लेड नवे का? सलूनच्या खुर्चीत बसण्याआधी काय विचाराल?

महागाव हे नागपूर–तुळजापूर महामार्गावरचे तालुक्याचे ठिकाण. गुंज, फुलसावंगी, मुडाणा, हिवरा संगम अशा गावांतून लोक बाजाराला, तहसीलला, बँकेत येतात आणि जाताजाता कटिंग-दाढीही उरकतात. जुन्या केशकर्तनालयाच्या शेजारी आता काचेचे दार आणि एसी असलेले ‘मेन्स सलून’ दिसते. लग्न असेल तर पुसद, उमरखेड किंवा नांदेडपर्यंत जाण्याची तयारी असते. दुकाने वाढली, सेवा वाढल्या, पण एक सवय तशीच राहिली. आपण खुर्चीत बसतो, डोळे मिटतो आणि दर विचारतो उठल्यावर. वाद, फसवणूक आणि कधी आजारपणही नेमके तिथून सुरू होते.

कटिंगचा दर कोण ठरवतो?

कटिंग किंवा दाढीचा सरकारी दर महाराष्ट्रात नाही. रिक्षाचे भाडे किंवा रेशनचा भाव जसा शासन ठरवते, तसे इथे नसते. बऱ्याच गावांत सलून चालकांची संघटना बैठक घेऊन दरपत्रक काढते आणि ते दुकानात लावले जाते. हे दरपत्रक उपयोगाचे असते, कारण ग्राहकाला आधीच आकडा कळतो. पण तो सरकारी दर नव्हे. एखादा कारागीर त्यापेक्षा कमी घेऊ शकतो आणि एसी सलून जास्तही लावू शकते. अट एकच, दर आधी सांगितलेला असावा.

दरात फक्त कात्री चालवण्याची मजुरी नसते. दुकानभाडे, वीज, ब्लेड, क्रीम, टॉवेल धुण्याचा खर्च आणि कारागिराचा हिस्सा त्यातच येतो. अनेक दुकानांत खुर्चीवरचा कारागीर पगारी नसतो, टक्केवारीवर काम करतो. मालकाने ठरवलेल्या दरातून त्याचा वाटा निघतो. त्यामुळे उठल्यावर घासाघीस करून कमी केलेले दहा-वीस रुपये बहुधा त्याच्याच वाट्यातून जातात. घासाघीस करायचीच असेल तर ती बसण्याआधी करावी. दर परवडत नसेल तर तेव्हा दुसऱ्या दुकानात जाता येते. केस कापून झाल्यावर दोघांपैकी कोणाच्याच हातात काही राहत नाही.

पूर्वी हा हिशेब कसा होता?

विदर्भ-मराठवाड्यात जुनी माणसे आजही न्हाव्याला ‘वारीक’ म्हणतात. बारा बलुतेदारांत त्याचे काम ठरलेले होते आणि मोबदलाही. वर्षभर घरातल्या सगळ्यांची हजामत करायची आणि सुगीला खळ्यावरून धान्य न्यायचे. जावळ आणि लग्नकार्याचा मान वेगळा. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’ या पुस्तकात या व्यवस्थेचे तपशीलवार वर्णन आहे. या पद्धतीत दरवेळी पैसे मोजावे लागत नसत. पण पीक बुडाले की बलुतेही बुडे आणि कारागिराला नाही म्हणण्याची सोय नसे.

आज बलुते गेले, पण उधारीच्या रूपाने त्याची छाया राहिली आहे. ‘सोयाबीन विकले की देतो’, ‘कापूस निघू दे’ ही वाक्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या कोणत्याही सलूनवाल्याला पाठ असतात. उधारी ठेवायची असेल तर ती दोघांच्या मोबाइलमध्ये तारखेसह लिहिलेली असावी. चार महिन्यांनी ‘तीन कटिंग की चार’ हा वाद होत नाही आणि ओळखही टिकते.

खर्च नेमका कुठे वाढतो?

उदाहरणापुरते आकडे घेऊ. कटिंगचे १०० रुपये, दाढीचे ५० रुपये. दर चार आठवड्यांनी कटिंग केली तर वर्षाला १३ वेळा, म्हणजे १,३०० रुपये होतात. दाढी आठवड्याला एकदा केली तर ५२ वेळा, म्हणजे २,६०० रुपये. महाग वाटते ती कटिंग. प्रत्यक्षात दुप्पट खर्च दाढीचा होतो. घरात दोन-तीन पुरुष असतील तर दाढी घरी करायची की सलूनमध्ये, हा हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. तुमच्या दुकानातला दर घालून तो दोन मिनिटांत होतो.

दुसरी वाढ होते ती ‘वरच्या’ कामांमुळे. दाढी चालू असताना विचारले जाते, ‘भाऊ, थोडा मसाज करू का? फेस क्लीन करून देऊ?’ डोळे मिटलेल्या अवस्थेत आपण ‘हो’ म्हणतो. मसाज, स्क्रब, फेशियल, केस धुणे, रंग या सगळ्या वेगळ्या सेवा आहेत आणि त्यांचे वेगळे पैसे लागतात. त्यात गैर काही नाही. फक्त ‘हो’ म्हणण्याआधी ‘त्याचे वेगळे किती?’ हे तीन शब्द उच्चारावेत. ब्युटी पार्लरमध्येही तेच. ‘ताई, हेअर स्पामध्ये धुणे आणि सेटिंग धरून आहे की वेगळे?’ असे विचारले की ताईंनाही नेमके काय हवे ते कळते.

सलूनच्या बिलात जीएसटी लागतो का?

२२ सप्टेंबर २०२५ पासून सलून आणि पार्लरच्या सेवांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. म्हणजे १,००० रुपयांच्या बिलावर आधी १८० रुपये कर लागत होता, तो आता ५० रुपये. मात्र सलूनला आपल्या खरेदीवर भरलेल्या कराची वजावट आता मिळत नाही. त्यामुळे काही ठिकाणी मूळ दरच थोडा वाढवलेला दिसू शकतो. म्हणून मोठ्या शहरातल्या ब्रँडच्या सलूनमध्ये जाताना करासह एकूण किती, हेच विचारावे.

गावातल्या दुकानाचे काय? महाराष्ट्रात सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपेक्षा जास्त झाली तरच साधारणपणे जीएसटी नोंदणी बंधनकारक होते. कटिंगचे १०० रुपये धरले तर २० लाखांसाठी वर्षाला २०,००० कटिंग व्हायला हव्यात. ३०० दिवस दुकान उघडे असेल तर रोज ६७. प्रत्येकी २० मिनिटे धरली तर एका खुर्चीवर रोज २२ तास काम! म्हणजे एक-दोन खुर्च्यांचे दुकान या मर्यादेजवळही जात नाही. नोंदणी नसलेल्या दुकानाला ग्राहकाकडून जीएसटीच्या नावाने एक रुपयाही घेता येत नाही. बिलात ‘जीएसटी’ लिहिले असेल तर त्यावर १५ अंकी-अक्षरी जीएसटी क्रमांक आहे का, ते पाहावे. तो जीएसटीच्या संकेतस्थळावर मोबाइलवरूनही तपासता येतो.

ब्लेड बदलण्यावर एवढा भर का?

कारण इथे प्रश्न पैशांचा नाही, रक्ताचा आहे. दाढी करताना डोळ्यांना न दिसणारे बारीक काप पडतात. तेच ब्लेड दुसऱ्याला वापरले तर हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्हीचा संसर्ग होण्याचा धोका असतो. यात हिपॅटायटिस बीचा विषाणू जास्त चिवट आहे. शरीराबाहेर वाळलेल्या रक्तातही तो किमान सात दिवस टिकू शकतो. ब्लेडवरून डेटॉलचा बोळा फिरवणे हा उपाय नाही. उपाय एकच, प्रत्येकाला नवे ब्लेड.

आता बहुतेक कारागीर वस्तऱ्याच्या मुठीत ब्लेडचे अर्धे पाते बसवतात. ते पाते तुमच्यासमोर नव्या पुडीतून काढले जायला हवे. ‘भाऊ, ब्लेड नवे लावा’ असे म्हणण्यात कोणाचा अपमान नाही. चांगला कारागीर न सांगता पाते दाखवून लावतो आणि जुने डब्यात टाकतो.

ब्लेड नवे असले तरी तीन गोष्टी राहतात. पहिली, तुरटी. एकच खडा दिवसभर वीस जणांच्या कापलेल्या गालांवर फिरत असेल तर नव्या ब्लेडचा अर्थ उरत नाही. आपला छोटा खडा सोबत न्यावा किंवा तुरटी नको म्हणावे. दुसरी, टॉवेल आणि मशीन. गजकर्ण, उवा, केसांच्या मुळाशी येणारे फोड यांचा प्रसार ओल्या टॉवेलमधून आणि न पुसलेल्या ट्रिमरमधून होतो. घरून स्वच्छ रुमाल नेला तर निम्मे काम होते. तिसरी, मान मोडणे. मसाजच्या शेवटी मानेला झटका देऊन ‘कट’ आवाज काढण्याची पद्धत अनेकांना आवडते. पण मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आणि नसा जातात आणि अशा झटक्याने त्यांना इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत. मसाज घ्या, झटका नको म्हणून आधीच सांगा.

चांगला कारागीर ओळखायचा कसा?

दुकानाच्या काचेवरच्या हिरोच्या फोटोवरून नव्हे, तर आधीच्या ग्राहकाच्या मानेवरून. आपला नंबर येईपर्यंत उठून जाणाऱ्याची मागची रेषा पाहा. कानामागे केस सारखे आहेत का, मशीनचे पट्टे दिसतात का, कल्ले समान आहेत का? पाच मिनिटांत हाताचा अंदाज येतो. लग्नसराईच्या किंवा सणाच्या आदल्या दिवशी नव्या दुकानाचा प्रयोग करू नये. गर्दीत चांगला हातही घाई करतो.

सांगताना ‘मिडियम ठेवा’ एवढे पुरत नाही. तुमचे मिडियम आणि त्याचे मिडियम वेगळे असू शकते. मशीनच्या कंगव्याला नंबर असतात. साधारणपणे एक नंबर म्हणजे ३ मिलिमीटर, दोन म्हणजे ६, तीन म्हणजे सुमारे १० आणि चार म्हणजे सुमारे १३ मिलिमीटर केस राहतात. मागची कटिंग आवडली असेल तर तिचा समोरून, बाजूने आणि मागून फोटो काढून ठेवा. पुढच्या वेळी नटाच्या फोटोपेक्षा तुमचाच फोटो जास्त उपयोगी पडतो. केस त्याच डोक्याचे असतात! शंका असेल तर ‘आधी थोडे लांब ठेवा, मग पाहू’ असे सांगावे. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. चुकून दोन-अडीच सेंटिमीटर जास्त कापले गेले तर भरून यायला दोन महिने लागतात.

डाय, गोरेपणाची क्रीम, केसगळतीचे उपाय सलूनमध्ये घ्यावेत का?

काळ्या डायमध्ये आणि ‘काळी मेहंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक पुड्यांत पीपीडी हे रसायन असते. काहींना त्याची तीव्र ॲलर्जी येते. डोके खाजते, चेहरा व पापण्या सुजतात. आधी दहा वेळा लावले आणि काही झाले नाही, म्हणून अकराव्यांदा होणार नाही असे नसते. कानामागे थोडासा रंग लावून ४८ तास वाट पाहणे ही साधी चाचणी पाकिटावरही छापलेली असते. श्वास लागला किंवा तोंड सुजू लागले तर थेट दवाखाना गाठावा.

विना लेबलच्या क्रीमबाबत तर शेजारच्या अकोल्याचे उदाहरण पुरेसे आहे. तिथल्या एका तरुणीने स्थानिक ब्युटिशियनकडून घेतलेली गोरेपणाची क्रीम वापरली. घरातील आई आणि बहिणीनेही ती लावली आणि तिघींना मूत्रपिंडाचा विकार झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली तेव्हा क्रीममध्ये पारा आढळला. ज्या डबीवर उत्पादकाचे नाव, पत्ता, बॅच क्रमांक आणि मुदत नाही ती चेहऱ्याला लावू देऊ नये. मग लावणारी ओळखीची का असेना.

केस अचानक गळू लागले तर ते सलूनचे काम नाही. २०२५ च्या सुरुवातीला बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात अनेक गावांत लोकांचे केस काही दिवसांत गळाले. आयसीएमआरचे पथक तपासणीला आले आणि पुढे तज्ज्ञांनी बाधितांच्या शरीरात सेलेनियमचे प्रमाण जास्त असल्याचे नोंदवले. कोणत्याही तेलाने वा ‘ट्रीटमेंट पॅकेज’ने हे कारण सापडले नसते. अशा वेळी पैसे डॉक्टरांवर खर्च करावेत.

सलूनमध्ये कोणाला नकार देता येतो का?

जातीच्या कारणावरून नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत लिहिले आहे, की साताऱ्यात न्हावी बरेच होते, पण अस्पृश्याची हजामत करायला कोणी तयार नव्हता. त्यामुळे घरात थोरली बहीणच भावंडांचे केस कापत असे. पुढे संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये दुकानांत प्रवेश नाकारण्यास बंदी घातली गेली. १९४८ मध्ये संविधान सभेत ‘दुकान’ म्हणजे काय, असा प्रश्न आला. येईल त्याला सेवा देण्याची मालकाची तयारी असते ती जागा, असा व्यापक अर्थ बाबासाहेबांनी सांगितला. सलून त्यात येतेच.

अस्पृश्यतेच्या कारणावरून सेवा नाकारणे हा नागरी हक्क संरक्षण कायदा १९५५ नुसार गुन्हा आहे आणि पीडित व्यक्ती अनुसूचित जाती-जमातीची असेल तर ॲट्रॉसिटी कायदाही लागू होऊ शकतो. वेगळी खुर्ची, वेगळा कंगवा, ‘तुमच्यासाठी आज वेळ नाही’ हे रोजचे उत्तर, हेही भेदभावाचेच प्रकार आहेत. तक्रार पोलीस ठाण्यात करता येते.

लग्नाचे पॅकेज ठरवताना काय पाहावे?

नवरीचा मेकअप, हळदीचा मेकअप, करवल्यांचे केस, नवरदेवाची कटिंग-फेशियल असे पॅकेज आता तालुक्याच्या ठिकाणीही मिळते. इथे रक्कम मोठी आणि ॲडव्हान्सही मोठा असतो. ठरवताना व्हॉट्सॲपवर पाच गोष्टी लिहून घ्याव्यात : तारीख व वेळ, किती जणांचे काम, कोण येणार (स्वतः ताई की सहायक), येण्याजाण्याचा खर्च धरून की वेगळा, आणि लग्नाची तारीख बदलली तर ॲडव्हान्सचे काय. वर्षभराची ‘मेंबरशिप’ किंवा दहा कटिंगचे कार्ड घेतानाही हेच. दुकान बंद झाले किंवा कारागीर गेला तर उरलेले पैसे परत मिळतील का, हे आधी विचारावे. एकदम मोठी रक्कम भरण्यापेक्षा दरवेळी पैसे देणे केव्हाही सुरक्षित.

यूपीआयने देताना पिन टाकण्याआधी पडद्यावर दुकानाचे किंवा मालकाचेच नाव आले का, ते पाहावे. दर्शनी क्यूआर कोडवर दुसरा स्टिकर चिकटवण्याचे प्रकार होतात. बँक खात्यातून यूपीआयने पैसे देताना ग्राहकाला वेगळे शुल्क लागत नाही.

काम बिघडले तर दाद कुठे मागायची?

पहिली पायरी दुकानातच. केस वर-खाली झाले असतील तर लगेच सांगा. बहुतेक कारागीर पैसे न घेता नीट करून देतात. रसायनाने टाळू भाजली, केस तुटले, जखम झाली असेल तर त्याच दिवशी फोटो काढा, डॉक्टरांना दाखवून कागद घ्या आणि बिल किंवा यूपीआयची पावती जपून ठेवा. पैसे घेऊन दिलेली सेवा ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कक्षेत येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तेवढ्याने भागले नाही तर यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही आणि वकीलही सक्तीचा नाही.

पुराव्याचे महत्त्व दिल्लीच्या एका गाजलेल्या प्रकरणात दिसले. २०१८ मध्ये एका पंचतारांकित हॉटेलच्या सलूनमध्ये सांगितल्यापेक्षा जास्त केस कापले गेले. २०२१ मध्ये राष्ट्रीय आयोगाने दोन कोटी रुपयांची भरपाई मंजूर केली. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही रक्कम रद्द केली आणि प्रकरण परत पाठवले. सेवेतला दोष मान्य झाला, तरी नुकसानीचा आकडा पुराव्यावरच ठरायला हवा, असे न्यायालयाचे म्हणणे होते. आपल्या दोनशे-पाचशे रुपयांच्या वादालाही हाच नियम लागू आहे.

कारागिरासाठी काय सोय आहे?

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ पारंपरिक व्यवसायांत नाभिक व्यवसायाचा समावेश आहे. पात्र कारागिराला प्रशिक्षण, त्या काळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने आधी एक लाख व नंतर दोन लाख रुपयांपर्यंत विनातारण कर्ज मिळू शकते. नोंदणी सीएससी केंद्रातून होते आणि पहिली पडताळणी ग्रामपंचायत किंवा नगरपंचायत पातळीवर होते. तुमच्या नेहमीच्या कारागिराला हे माहीत नसेल तर सांगा. प्रत्येकाला नवे ब्लेड आणि धुतलेला टॉवेल परवडायचा तर त्याचेही दुकान नीट चालले पाहिजे.

बसण्याआधीचे पाच प्रश्न

- कटिंगचे किती, दाढी धरून की वेगळी?
- ब्लेड माझ्यासमोर नवे लावाल ना?
- मसाज, धुणे, रंग यांचे वेगळे किती?
- डाय किंवा क्रीम कोणत्या कंपनीची, पाकीट दाखवता का?
- पैसे यूपीआयने दिले तर चालतील का?